कोंडलेले तेल भार पेलते, पकड देत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. निमुळत्या शाफ्टवर तेलाचा दाब देऊन बसवलेले, चावी (हब व शाफ्ट यांच्या खाचेत बसवायचा धातूचा तुकडा) न वापरता केवळ घर्षणावर टॉर्क, म्हणजे पिळण्याचे बल, वाहणारे कपलिंगचे (दोन शाफ्ट जोडणाऱ्या भागाचे) हब गणिताप्रमाणे दीडपट सुरक्षित होते. हब ठरलेल्या अंतरापर्यंत पुढे सरकल्याचे तुम्ही मोजूनही पाहिले होते, आणि तरीही यंत्र पहिल्यांदा सुरू करताच ते शाफ्टवर घसरले. दोन पृष्ठभागांमध्ये अडकलेल्या तेलामुळे असे होऊ शकते का, आणि असा अडकलेला द्रव स्पर्श व घर्षण यांवर नेमका काय परिणाम करतो, हे तुम्हाला हवे आहे. पहिल्या भागाचे उत्तर ‘होय, आणि तुम्ही दिलेला तपशील पाहता बहुधा तसेच घडले असावे’ असे आहे. दुसऱ्या भागाला मात्र सविस्तर उत्तर द्यावे लागेल, कारण ‘तेल होते म्हणून घसरले’ एवढ्यावर थांबलो, तर पुढचे हबही तसेच घसरेल. त्या तेलाला बाहेर पडायला वाट किती होती आणि वेळ किती मिळाला, या दोन गोष्टींवर सगळे अवलंबून असते.

सुरुवात कोरड्या स्पर्शापासून करू. यंत्रावर काढलेला कोणताही पृष्ठभाग बारकाईने पाहिला तर डोंगरदऱ्यांसारखा असतो, आणि असे दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तर केवळ शिखरे शिखरांना टेकतात. घर्षणाचे अभ्यासक बोडेन आणि टेबर यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून दाखवून दिले, की धातूंमध्ये खरे स्पर्शक्षेत्र ढोबळमानाने भार भागिले कठीणपणा एवढेच असते. तुमच्या हबमध्ये सरासरी दाब १०० मेगापास्कल आणि पोलादाचा कठीणपणा सुमारे २ गिगापास्कल धरला, तर दिसणाऱ्या क्षेत्रापैकी अवघे ५ टक्के क्षेत्र खरोखर टेकलेले असते. उरलेल्या ९५ टक्क्यांत पोकळी असते. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते, हा १६९९ साली आमोंताँने मांडलेला नियम या चित्रातून सहज निघतो: भार वाढला की टेकलेले क्षेत्र वाढते, आणि त्याबरोबर ते कातरून सरकण्यासाठी लागणारे बलही वाढते.

आता त्या ९५ टक्के पोकळीत तेल भरा. तेल जाण्यायेण्यास मोकळे असेल, तर शिखरांवरचा भार जवळजवळ तोच राहतो आणि तेलाचा परिणाम फक्त घर्षणांक (घर्षणबल भागिले भार) थोडा कमी होण्यापुरता असतो. पण तेल कोंडले गेले, तर ते भाराचा वाटा स्वतःकडे घेते. द्रव लंब दिशेने कितीही दाब पेलू शकतो, मात्र स्थिर अवस्थेत कातर-बलाला, म्हणजे पृष्ठभागाला समांतर सरकवणाऱ्या बलाला, त्याचा विरोध शून्य असतो. म्हणजे तेलाने उचललेला भार घर्षणाच्या हिशेबातून पूर्णपणे वजा होतो. घर्षणबल म्हणजे घर्षणांक गुणिले एकूण भार, हे सूत्र येथे चुकते. घर्षणांकाने गुणायचा तो एकूण भारातून तेलाचा दाब व त्याखालील क्षेत्र यांचा गुणाकार वजा करून उरलेला भार. टेकलेले क्षेत्र इतके अल्प असल्यामुळे तेलाचा दाब जवळजवळ पूर्ण क्षेत्रावर काम करतो, ही गोष्ट हिशेब करणाऱ्यांच्या नजरेतून नेहमी सुटते. रबरासारख्या मऊ पदार्थात टेकलेले क्षेत्र मोठे असते, म्हणून तेथे ही वजाबाकी तुलनेने कमी पडते.

हे घरच्या घरी पाहता येते. काचेचा पेला गरम पाण्याने धुऊन ओल्या, गुळगुळीत ओट्यावर लगेच पालथा ठेवा. पुष्कळदा तो कोणी हात न लावता सरकू लागतो. पेल्यात कोंडलेली गार हवा गरम काचेमुळे तापून प्रसरण पावते, कडेखालच्या पाण्याच्या पातळ थरामुळे तिला बाहेर पडता येत नाही, आणि पेल्याचे बरेचसे वजन ती हवाच उचलते. काच तीच, पाणी तेच, ओटाही तोच. घर्षणांक बदललेला नसतो, काचेच्या कडेवर पडणारा भार तेवढा बदललेला असतो. थोड्या वेळाने कडेखालून एखादा बुडबुडा निघतो आणि पेला जागच्या जागी घट्ट बसतो. भूकवचातील प्रचंड खडकथर अगदी कमी उतारावरून मैलोन्‌मैल कसे सरकले असतील, या जुन्या कोड्याचे उत्तर हबर्ट आणि रूबी यांनी १९५९ साली याच तत्त्वावर दिले: खडकातील पाण्याचा दाब वरच्या थराचे वजन पेलतो. कार्ल टेर्झागी यांनी १९२० च्या दशकात मातीसाठी मांडलेला परिणामी ताणाचा (एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा करून कणांवर उरणाऱ्या ताणाचा) विचारही हाच. अमेरिकेतील कोलोराडोमधल्या रेंजली येथील तेलक्षेत्रात १९६९ ते १९७३ या काळात विहिरींतून पाण्याचा दाब मुद्दाम वाढवून आणि उतरवून पाहण्यात आला, तेव्हा दाब वाढला की लहान भूकंप वाढले आणि दाब उतरवला की ते थंडावले. भूभ्रंशाच्या दोन बाजू आणि तुमचे हब यांचा हिशेब एकच आहे.

तुमच्या आकड्यांकडे येऊ. स्पर्शपृष्ठावर १०० मेगापास्कल दाब आहे, असे गणित सांगते, आणि हब किती सरकले हे मोजल्यावर तो तेवढा आहे हे सिद्धही होते. पण सरकलेल्या अंतरावरून कळतो तो एकूण दाब. त्यातला किती शिखरांवर आहे आणि किती तेलावर, हे त्यातून कळत नाही. सुरू करतेवेळी तेलात सरासरी ४० मेगापास्कल दाब उरलेला असेल, तर पकड ६० मेगापास्कलचीच मिळते. तुमची दीडपट सुरक्षितता ०.६ ने गुणली की ०.९ येते, म्हणजे हब घसरणारच. माप बरोबर, गणित बरोबर, आणि तरीही सांधा कच्चा, असा प्रकार येथे होतो.

तेल एवढा दाब खरोखर धरून ठेवते का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे, कारण पोलादाच्या मानाने तेल मऊच म्हणायचे. खनिज तेल एक टक्का दाबायला साधारण १५ मेगापास्कल लागतात, आणि पोलाद त्याहून शंभरेक पट ताठ असते. परंतु तुलना पोलादाच्या ताठपणाशी करायची नसून खळग्याच्या ताठपणाशी करायची असते. उथळ आणि रुंद खळगा फार सहज चपटा होतो. पोलादाच्या पृष्ठभागावर ०.१ मायक्रॉन उंचीची आणि ५०० मायक्रॉन लांबीची लाट असेल, तर कोरड्या अवस्थेत सुमारे ७० मेगापास्कल दाबाखाली ती पूर्ण सपाट होते. त्याच खळग्यात तेल कोंडले, तर त्याचे आकारमान नुसते दहा टक्के कमी करायला १५० मेगापास्कल लागतील. म्हणजे खळग्याच्या भिंती आधी नमतात आणि भार तेलावर येतो. उलट अरुंद आणि खोल ओरखडा स्वतःच ताठ असतो, त्यात तेल असले तरी त्याच्या वाट्याला फारसे काही येत नाही. म्हणूनच ‘पृष्ठभाग गुळगुळीत करा, पकड वाढेल’ हा सल्ला मी सरसकट देत नाही. बारीक खडबडीतपणा घासून काढला आणि लांबलचक लाट तशीच ठेवली, तर आपण तेलासाठी उत्तम डबकी तयार करतो आणि त्यांतून निघण्याच्या वाटा बुजवतो.

दाब वाढत गेला तर कोंडलेले तेल कायम कोंडलेलेच राहील असेही नाही. खळग्याच्या कडेने जे वलय टेकलेले असते, तेथील स्पर्शदाब तेलाच्या दाबाहून जास्त असेतोवरच बांध टिकतो. भार वाढवताना तेलाचा दाब कडेवरील दाबाच्या बरोबरीला आला, तर तेल बांध उघडून शेजारच्या खळग्यात शिरते. प्रेसवर पत्रा ओढताना हे चांगले दिसते. पत्र्यावरच्या बंद खळग्यांतले वंगण दाबाखाली कडेच्या सपाट भागांवर झिरपते आणि तेथील घर्षण उतरवते. त्यामुळे पत्र्याचा पोत निवडताना बंद खळगे किती आणि आडव्या वाटांनी जोडलेले खळगे किती, याचा जाणीवपूर्वक विचार करतात. तेथे कोंडलेले वंगण हवेसे असते, तुमच्या हबमध्ये तेच नकोसे आहे. डायच्या, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याच्या, कोपऱ्यात मात्र तेही नडते. वंगण किंवा हवा कोपऱ्यात साचली आणि निघायला बारीक छिद्र ठेवले नसेल, तर धातू कोपरा भरत नाही, आणि प्रेसचा जोर वाढवूनही उपयोग होत नाही.

आता वेळेचा प्रश्न. दोन सपाट चकत्यांमधून द्रव किती वेळात पिळून निघतो, याचे सूत्र जोसेफ स्टेफान यांनी १८७४ साली दिले. लागणारा वेळ द्रवाच्या श्यानतेच्या, म्हणजे दाटपणाच्या, सम प्रमाणात आणि भाराच्या व्यस्त प्रमाणात असतो. पण खरी मेख दुसरीकडे आहे: तो त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो आणि उरलेल्या थराच्या जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. ५० मिलिमीटर त्रिज्येच्या दोन चकत्या, १००० न्यूटन भार आणि ०.१ पास्कल-सेकंद श्यानतेचे तेल घेतले, तर थर १ मायक्रॉनपर्यंत उतरायला सुमारे २५ मिनिटे लागतात. तो ०.१ मायक्रॉनवर आणायचा असेल तर सुमारे ४१ तास लागतात. हा हिशेब आदर्श गुळगुळीत पृष्ठभागांचा आहे हे खरे, तरी त्यातून अंदाज नीट येतो: सुरुवातीचे तेल भराभर निघते, शेवटचे तेल निघता निघत नाही, आणि पकड ठरते ती शेवटच्या तेलावर.

याच सूत्रातून उपायही मिळतो. त्याच चकतीवर खाचा पाडून तिचे शंभर सारखे तुकडे केले, आणि खाचांतून तेल मोकळेपणाने बाहेर जाऊ दिले, तर प्रत्येक तुकड्याची त्रिज्या दहाव्या हिश्शावर आणि भार शंभराव्या हिश्शावर येतो, आणि २५ मिनिटांची १५ सेकंदे होतात. तेलात बुडालेल्या क्लच-प्लेटवर जाळीसारख्या खाचा असतात त्या यासाठीच. टायरवरची नक्षीही हेच काम करते. साचलेल्या पाण्यावर टायर ज्या वेगाला तरंगू लागते, त्यासाठी १९६० च्या दशकात नासातील प्रयोगांतून आलेले सूत्र फक्त टायरमधील हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर चालते. ३२ पौंड दाबाला तो वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो. त्या वेगाला टायरखालचे पाणी बाजूला व्हायला वेळच मिळत नाही आणि वाहनाचे वजन पाण्यावर येते. झाडावर चढणाऱ्या बेडकांच्या बोटांच्या गादीवर षट्कोनी पेशींमध्ये ज्या बारीक चऱ्या असतात, त्यांतूनही पाणी असेच वाट काढते.

खाचांची दिशा हा माझ्या अनुभवात सर्वांत दुर्लक्षित राहिलेला भाग आहे. तुमच्या शाफ्टवर लेथच्या टूलच्या बारीक चऱ्या असतील, तर त्या शाफ्टभोवती वलयासारख्या जातात. तेलाला बाहेर पडायचे असते ते अक्षाच्या दिशेने, हबच्या टोकाकडे. त्याला एक तर प्रत्येक कंगोरा ओलांडावा लागतो, किंवा चरीतून गोल गोल फिरत जावे लागते. शाफ्टचा व्यास ६० मिलिमीटर, हबची लांबी ८० मिलिमीटर आणि फीड (शाफ्टच्या एका फेऱ्यात टूल जेवढे पुढे सरकते ते अंतर) ०.१ मिलिमीटर धरा. मळसूत्री चरीचे ८०० वेढे होतात आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा रस्ता १५० मीटर भरतो. सर्व दिशांना सारखा खडबडीतपणा असलेल्या पृष्ठभागावर, सिद्धांत आणि संगणकीय गणित यांनुसार, खरे स्पर्शक्षेत्र सुमारे ४२ टक्क्यांवर जाईपर्यंत मोकळ्या वाटांचे जाळे अखंड असते. तुमचे ५ टक्के त्याच्या जवळपासही नाहीत, म्हणून कागदावर तेल सहज निघायला हवे. वलयाकार चऱ्यांवर हा आकडा लागू पडत नाही.

अडकलेला द्रव नेहमी घर्षण कमीच करतो असेही समजू नका. बाहेर रेटणारा दाब ओसरला आणि अत्यंत पातळ थर उरला, की पृष्ठताण उलट दिशेने काम करतो. पाण्याचा १०० नॅनोमीटर जाडीचा थर दोन सपाट, ओल्या होणाऱ्या पृष्ठभागांमध्ये असेल, तर तो त्यांना वातावरणाच्या चौदा पटींच्या आसपास दाबाने एकमेकांकडे ओढतो. स्लिप गेज, म्हणजे अचूक मापाचे पोलादी ठोकळे, एकमेकांवर पिळून चिकटवताना हा अनुभव येतो. लॅप केलेला (बारीक घासून अगदी सपाट केलेला) तुकडा सरफेस प्लेटवर, म्हणजे मापनाच्या सपाट पाटावर, अलगद ठेवला, तर आधी तो हवेच्या कोंडलेल्या थरावर बर्फावर असल्यासारखा इकडेतिकडे वाहतो, बोटाच्या हलक्या टिचकीनेही सरकतो. काही सेकंदांनी हवा निघून जाते, आणि तेथे तेलाचा किंवा ओलाव्याचा पुसट थर असला, तर नंतर तोच तुकडा हलवायला मनगटाचा जोर लागतो. एकाच जोडीत घर्षण अगदी कमी आणि अगदी जास्त अशा दोन्ही टोकांना जाते, आणि मधले अंतर केवळ काही सेकंदांचे असते.

सांध्यातील कूर्चा या विषयातील मला सर्वांत सुंदर वाटणारे उदाहरण आहे. तिच्यात तीन-चतुर्थांशाच्या आसपास पाणी असते, आणि तिची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की भार पडल्यावर ते पाणी पटकन बाहेर येऊ शकत नाही. सुरुवातीला नव्वद टक्क्यांहून अधिक भार पाणीच उचलते आणि घर्षणांक ०.०१ च्या आसपास असतो. भार एकाच जागी बराच वेळ तसाच ठेवला, की पाणी हळूहळू झिरपते, भार घन जाळ्यावर येतो आणि घर्षणांक कित्येक पटींनी चढतो. हालचालीत स्पर्शाची जागा सारखी बदलत असल्याने, मोकळ्या झालेल्या भागाला पुन्हा पाणी भरून घ्यायला अवधी मिळतो.

येथे एक फरक स्पष्ट करायला हवा. बेअरिंगमध्ये शाफ्ट फिरताना तेल ओढून नेतो आणि दाब स्वतः निर्माण करतो. बोशां टॉवर यांच्या १८८० च्या दशकातील प्रयोगांत बेअरिंगच्या छिद्राला मारलेले लाकडी बूच तेलाने बाहेर ढकलले, आणि त्यामागचे गणित ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली मांडले. तो दाब गतीमुळे येतो आणि गती थांबली की जातो. तुमच्या हबमधला दाब गतीशिवाय, बसवतानाच कोंडला गेलेला आहे, आणि तो फक्त गळतीनेच उतरेल. दोन्ही गोष्टींना ‘तेलाची फिल्म’ म्हणून एकच नाव दिल्याने गोंधळ होतो.

असाच कोंडलेला दाब ब्लाइंड होलमध्ये, म्हणजे आरपार न गेलेल्या आट्यांच्या छिद्रात, फार नुकसान करतो. छिद्राच्या तळाशी तेल किंवा कूलंट राहिले आणि बोल्ट आवळला, की बोल्ट पिस्टनसारखा तेल दाबतो. टॉर्क रेंच ठरल्या आकड्याला वाजते, पण तो टॉर्क तेल दाबण्यात खर्ची पडलेला असतो आणि सांध्यावर पकड अपुरी असते. ओतीव बॉडीला याच कारणाने छिद्राच्या तळापासून गेलेली तडा मी स्वतः पाहिली आहे. बोल्ट काढल्यावर त्याच्या टोकावर तेल आणि छिद्रात पुसटशी रेषा, एवढीच खूण होती. म्हणून हवेने छिद्र कोरडे करणे हे बोल्ट आवळण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

आता तुमच्या हबसाठी. बसवताना पातळ तेल वापरा आणि दाट तेल काढण्यासाठी राखून ठेवा. काढताना तेल आत टिकून राहावे लागते, बसवताना ते निघून जावे लागते. हब जागेवर आले की आधी पृष्ठभागांमधला तेलदाब सोडा, पण हब पुढे रेटणारा अक्षीय जोर लगेच काढू नका, नाहीतर तेलावर तरंगणारे हब झटक्याने मागे येते, आणि समोर कोणी उभे असेल तर त्याच्या जिवावर बेतते. तेलाची बुचे लगेच लावू नका, ती वाट उघडी राहू द्या. हबच्या दोन्ही टोकांकडे लक्ष ठेवा: कडेला तेलाची बारीक रेघ उमटते, पुसली तरी पुन्हा उमटते. ही रेघ येणे थांबेपर्यंत टॉर्क देऊ नये, आणि ती थांबल्यावरही निर्मात्याने सांगितलेला अवधी पूर्ण करावा. तो सहसा काही तासांचा असतो आणि घाईत नेमका तोच कापला जातो. थंड जागी आणखी थांबावे. साधे खनिज तेल ४० अंशांवरून ६० अंशांवर गेले की त्याची श्यानता निम्म्याहून खाली येते, आणि थंडीत हाच हिशेब उलटा चालतो. नवे हब बनवून घेणार असाल, तर बोअरमधील तेल पसरवणाऱ्या मळसूत्री खाचेला निचऱ्याची वाट आहे ना, हे चित्रावरच तपासा. सगळा दाब उतरल्यावरही पृष्ठभागांवर तेलाचा रेणूंइतका पातळ थर राहतोच, म्हणून घर्षणांक कोरड्या पोलादाचा न धरता ०.१२ ते ०.१५ धरूनच सुरक्षितता काढा.

घसरलेले हब उतरवल्यावर त्याचा बोअर पुसण्याआधी नीट पाहा. मधल्या पट्ट्यात टूलच्या चऱ्या जशाच्या तशा शाबूत आणि दोन्ही टोकांशी मात्र गोल दिशेने ओरखडे, असे दिसले तर मध्ये तेल कोंडलेले होते आणि टोकांनीच काय ती पकड धरली होती. सगळीकडे सारखे ओरखडे असतील, तर तेलाला दोष देण्यापूर्वी हब व शाफ्ट यांचा टेपर (निमुळतेपणा) जुळतो का, हे निळा रंग लावून, तो कोठे कोठे उमटतो ते पाहून, तपासावे लागेल. पुढच्या वेळी सुरू करण्याआधी हब आणि शाफ्ट यांवरून एक सरळ बारीक रेघ ओढून ठेवा आणि पहिल्या अर्ध्या तासानंतर यंत्र थांबवून ती तुटली आहे का ते पाहा.